दुबईला निघालात? आधी तेथला कायदा समजून घ्या

आमच्या पेढीवर माल घ्यायला येणारे व्यापारी, लूमवाले, जरीचे कारागीर आणि शिंपी यांच्यात दुबईला जाऊन आलेला किंवा जाण्याच्या तयारीत असलेला माणूस नेहमीच भेटतो. जाणारा आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतो: तेथे कोणता माल चालतो आणि उतरायचे कोठे? तेथला कायदा काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही, कारण पहिल्या खेपेला आम्हीही तो प्रश्न विचारला नव्हता.

न विचारण्याचे कारण उघड आहे. दुबई आपल्याला परदेश वाटतच नाही. मुंबईहून सुमारे तीन तासांचे विमान. उतरल्यावर अजान कानी पडते, जेवणात हलाल-हरामची फारशी चौकशी करावी लागत नाही, टॅक्सीवाला पेशावरचा किंवा केरळचा असतो आणि त्याच्याशी उर्दू-हिंदीत बोलता येते. बर दुबईच्या मीना बाजारात किंवा खाडीकाठच्या कापडबाजारात गेले तर आपल्याकडचा माल मांडलेला दिसतो. १९५९ ते १९६६ या काळात तर तेथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला 'गल्फ रुपया' चालत होता. एवढी ओळख असल्यावर कायदाही ओळखीचाच असणार, असे माणूस धरून चालतो. तेथेच तो फसतो.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. त्यामुळे दुबईतील अरबी पाट्या पाहून पहिल्या खेपेस आम्हाला मोठा दिलासा वाटला होता. बहुतेक अक्षरे वाचता येत होती. एका कचेरीत अर्ज भरायचा होता. एका रकान्यावर 'रकम' असे छापलेले दिसले. आम्ही समजलो की रक्कम विचारली आहे, आणि खिशात किती दिरहम आहेत तो आकडा लिहून मोकळे झालो. खिडकीमागच्या केरळी कारकुनाने हसून अर्ज परत केला. अरबीत 'रकम' म्हणजे पैसा नव्हे, क्रमांक. त्यांनी पासपोर्टचा क्रमांक मागितला होता. त्याच कारकुनाने आम्हाला सांगितले की अरबीत 'गरीब' म्हणजे निर्धन नव्हे, तर परका माणूस.

अक्षर वाचता आले म्हणजे अर्थ कळला असे नाही, हा धडा त्या दिवशी फुकटात मिळाला. कायद्याच्या बाबतीत तो फुकटात मिळत नाही. म्हणून आज मालाच्या भावाविषयी न लिहिता, संयुक्त अरब अमिरातीत आपल्या माणसाला अडचणीत आणणारे कायदे आम्ही येथे मांडत आहोत. यांतील एकही गोष्ट चोरी-दरोड्याची नाही. सगळ्या आपल्या रोजच्या व्यवहारातल्या आहेत, आणि धोका त्यातच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल-कुवैन, रास अल-खैमा आणि फुजैरा अशा सात अमिरातींचा मिळून हा देश आहे. त्याची स्थापना २ डिसेंबर १९७१ रोजी झाली. फौजदारी स्वरूपाचे बहुतेक मोठे कायदे सातही ठिकाणी एकच आहेत, मात्र स्थानिक नियम वेगवेगळे असू शकतात. २०२१ साली यांतील अनेक कायदे नव्याने लिहिले गेले व २ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. तेव्हा "मी वीस वर्षे दुबईत काढली, मला सगळे ठाऊक आहे" असे कोणी म्हणाले तर त्याचा सल्ला आदराने ऐकावा, पण पडताळून पाहावा.

बॅगेतील खसखस

कुर्म्याच्या वाटणात आपल्या घरी खसखस पडतेच. ती कोणत्याही किराणा दुकानात मिळते. आपल्या देशात अफूच्या बोंडावर बंदी आहे, पण त्यातील बी, म्हणजे खसखस, विकायला व खायला मोकळीक आहे. अमिरातीत तशी मोकळीक नाही. तेथे खसखस बंदी असलेल्या वस्तूंत येते व तिचा विचार अमली पदार्थांच्या कायद्याखाली होतो. सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथेही खसखशीवर बंदी आहे.

घरची बाई प्रेमाने मसाल्याची पुडी बांधून देते. आमच्या घरीही असेच झाले होते. भाच्याच्या बिऱ्हाडासाठी दळलेल्या मसाल्याची पिशवी बॅगेत ठेवली होती. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही सहज विचारले, यात काय काय आहे? खसखस आहे म्हटल्यावर पिशवी बाहेर काढली. दळलेल्या मसाल्यात खसखस आहे की नाही हे नेणाऱ्याला दिसत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की घरचा मसाला नेऊच नये. दुबईत सर्व मसाले मिळतात.

तेथे अमली पदार्थांच्या बाबतीत वजन किती, हा प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही. २००७ साली एका ब्रिटिश प्रवाशाच्या बुटाच्या तळाला चिकटलेला गांजाचा कण सापडला. त्याचे वजन अवघे ०.००३ ग्रॅम भरले. त्याला चार वर्षांची सजा सुनावली गेली, व पुढे माफी मिळाली. त्यानंतर कायदा बदलला असून पहिल्या वेळच्या किरकोळ प्रकरणात काही सौम्यता आली आहे. पण त्या भरवशावर कोणी राहू नये. रक्त किंवा लघवीच्या तपासणीत अंश सापडला तरी तो गुन्हा धरला जातो, मग ती वस्तू कोणत्याही देशात घेतलेली असो.

औषधांची पुडी

पन्नाशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा गोळ्या जास्त असतात, असे आम्ही गमतीने म्हणतो. पण ही बाब गमतीची नाही. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात अशी कित्येक औषधे तेथे नियंत्रित यादीत आहेत. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन, नसांच्या वेदनेसाठी मधुमेहींना दिले जाणारे प्रीगाबालिन, झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिले जाणारे अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम व डायझेपाम ही सर्व त्यांत येतात. पाकिटावर कंपनीचे नाव मोठे आणि औषधाचे नाव बारीक छापलेले असते. चष्मा लावून ते बारीक नाव वाचावे.

आपल्या गोळ्यांत असे काही असेल तर तेथील औषध खात्याकडे निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्ज करून परवानगी घेता येते. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी आणि पासपोर्टची प्रत लागते. चिठ्ठीवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्यावे. आपल्याकडे चिठ्ठीवर 'हाजीसाहेब' किंवा नुसते 'शेख' एवढेच लिहिलेले असते, ते चालणार नाही. औषध मूळ पाकिटात ठेवावे, सुट्ट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नयेत, आणि मुक्कामापुरतेच घ्यावे.

दुसऱ्याची अमानत

आता आमच्याच गल्लीतील एका लूमवाल्याची हकीकत सांगतो. दुपट्ट्यांचे नमुने घेऊन तो दुबईला निघाला होता. निघण्याच्या दिवशी ओळखीचा एक जण घरी आला व म्हणाला, "भाईजान, एवढी पुडी घेऊन जा. माझ्या भावाच्या कंबरदुखीच्या गोळ्या आहेत, तिकडे त्या मिळत नाहीत." लूमवाला भला माणूस. त्याने पुडी न उघडता बॅगेत टाकली. दुबईच्या विमानतळावर बॅग उघडली गेली. गोळ्या नियंत्रित यादीतल्या निघाल्या. चिठ्ठी सोबत नव्हती, आणि असती तरी त्याच्या नावाची नव्हती.

"या माझ्या नाहीत," असे तो सांगत राहिला. पण बॅग त्याची होती, आणि बॅग ज्याची तिच्यातील वस्तू त्याची, एवढा साधा हिशेब कायद्याला पुरतो. येथून डॉक्टरची कागदपत्रे पाठवावी लागली, तेथे वकील पाहावा लागला. एकोणीस दिवसांनी तो सुटून परत आला. ज्या पार्टीला नमुने दाखवायचे होते तिने ऑर्डर दुसरीकडे दिली होती. वकिलाचे पैसे फेडायला त्याने दोन लूम विकले. तरीही तो स्वतःला नशीबवान समजतो, आणि आम्हीही त्याला तसेच समजतो.

या प्रकरणात पहिला इशारा त्या मित्राच्या तोंडूनच मिळाला होता. "तिकडे मिळत नाहीत" असे तो म्हणाला. जी वस्तू जगभरचा माल विकणाऱ्या शहरात मिळत नाही ती का मिळत नाही, असे लगेच विचारायला हवे होते. एखाद्याची अमानत पोचवणे ही आपल्याकडे चांगली रीत आहे. पण अमानत घेणाऱ्याला ती काय आहे हे जाणण्याचा हक्कही आहे. पुडी उघडून पाहावी, पटले नाही तर हात जोडून नाही म्हणावे. रागावलेला नातेवाईक परत जोडता येतो.

नमुन्यांबद्दलही एक सूचना. नामांकित कंपनीचे लेबल किंवा चिन्ह लावलेला नकली माल, मग तो एक शर्ट का असेना, सोबत नेऊ नये. ट्रेडमार्कचा कायदा तेथे कडक आहे. भेटवस्तू म्हणून ३,००० दिरहमपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात, पण विक्रीचा माल भेटवस्तू म्हणून दाखवू नये. १ मे २०२२ पासून भारत आणि अमिरात यांच्यातील व्यापार करार लागू आहे. योग्य तो मूळ देशाचा दाखला जोडला तर कापडाला जकातीत सवलत मिळते. सरळ वाट स्वस्त पडत असताना वाकड्या वाटेने जाण्यात शहाणपण नाही.

मोबाईलवरचा एक शब्द

उधारी थकली की आपला व्यापारी फोनवर चार शब्द सुनावतो. पुढचाही सुनावतो, आणि महिन्याभराने दोघे एकत्र चहा पितात. अमिरातीत हेच चार शब्द व्हॉट्सअॅपवर लिहून किंवा बोलून पाठवले तर तो सायबर गुन्हा होतो. २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यानुसार इंटरनेटवरून दुसऱ्याचा अपमान केल्यास कैद, तसेच २,५०,००० ते ५,००,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक शिक्षा सांगितली आहे. संदेश फक्त दोघांतच होता, चारचौघांत नव्हता, हा बचाव उपयोगी पडत नाही. समोरच्याला तक्रारीसाठी तुमचा संदेश पुरतो.

लिहिताना तुम्ही अमिरातीत नव्हता, हाही बचाव भरवशाचा नाही. २०१९ साली एका ब्रिटिश महिलेला दुबईच्या विमानतळावर अटक झाली. तिने २०१६ साली इंग्लंडमध्ये बसून फेसबुकवर पूर्वीच्या नवऱ्याच्या नव्या बायकोला घोडी म्हटले होते. शेवटी ३,००० दिरहम दंडावर तिची सुटका झाली, पण त्यासाठी काही आठवडे अडकून पडावे लागले. ज्या पार्टीशी येथून भांडण झाले आहे तिच्याच शहरात वसुलीला निघालेल्या व्यापाऱ्याने आपले जुने संदेश आठवून पाहावेत. उधारी मागावी, पण सभ्य शब्दांत, आकडे आणि तारखा लिहून. वसुलीलाही तीच भाषा उपयोगी पडते.

फोटोंचेही तसेच. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो किंवा चित्रण काढणे, बोलणे चोरून रेकॉर्ड करणे, अपघातात सापडलेल्यांचे फोटो काढणे हे त्याच कायद्याखाली गुन्हे आहेत. त्यासाठी किमान सहा महिने कैद, तसेच १,५०,००० ते ५,००,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक शिक्षा सांगितली आहे. आपल्याला दुकानाची मांडणी आवडते, आपण फोन काढतो, आणि फोटोत दुकानात उभी असलेली बाई येते. तेवढे पुरेसे आहे. सरकारी इमारती, लष्करी जागा आणि राजवाडे यांच्याकडे फोन रोखूच नये.

चंदा मागण्यापूर्वी

ही गोष्ट आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. गावच्या मदरशाची किंवा मशिदीची पावतीबुके सोबत घेऊन जाणारे आम्ही पाहिले आहेत. नेक कामाला कोण अडवणार, असे त्यांना वाटते. पण अमिरातीत परवाना असलेल्या संस्थेखेरीज कोणालाही चंदा गोळा करता येत नाही. २०२१ साली देणग्यांविषयी वेगळा संघीय कायदा झाला, आणि दुबईत तर २०१५ पासूनच त्यासाठी सरकारच्या इस्लामी व्यवहार व धर्मादाय खात्याची परवानगी लागते. शिक्षा कैदेची आणि जबर दंडाची आहे. इंटरनेटवरून आवाहन करणेही यात आले. २०१६ साली दुबईत एका परदेशी माणसाला अटक झाली होती. अफगाण निर्वासितांना ब्लँकेट देणाऱ्या एका अमेरिकी संस्थेची माहिती त्याने फेसबुकवर पुढे पाठवली होती, एवढाच त्याचा गुन्हा.

याचे कारणही समजून घेतले पाहिजे. नेक कामाच्या नावावर गोळा झालेला पैसा भलतीकडे जाऊ नये, आणि देणाऱ्याची फसवणूक होऊ नये, म्हणून हे निर्बंध आहेत. आपल्याकडेही खोट्या पावत्यांचा अनुभव कोणाला नाही? नियत कितीही साफ असली तरी परवान्याची जागा नियत घेऊ शकत नाही. रस्त्यावर किंवा मशिदीबाहेर हात पसरणे हाही वेगळा गुन्हा आहे, आणि रमजानमध्ये पोलीस त्याविरुद्ध खास मोहीम काढतात.

चेक आणि रोकड

जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल की दुबईत चेक परतला की माणूस तुरुंगात जात असे. १९८७ च्या दंडसंहितेत तशी तरतूद होती. आता ते बरेचसे बदलले आहे. २ जानेवारी २०२२ पासून, खात्यात पैसे कमी पडले एवढ्याच कारणाने सहसा फौजदारी होत नाही. मात्र मुद्दाम खाते बंद करणे, तारखेपूर्वी पैसे काढून घेणे, कारण नसताना पेमेंट थांबवणे किंवा मुद्दाम चुकीची सही करणे हे आजही गुन्हे आहेत. आपल्याकडे याच्या उलट आहे. १८८१ च्या कायद्यातील कलम १३८ खाली नुसता चेक परतला तरी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून तेथे चेक हलका झाला असे कोणी समजू नये. परतलेला चेक हाती घेऊन धनको आता थेट अंमलबजावणीच्या कोर्टात जातो, लांबलचक दावा चालवावा लागत नाही. १०,००० दिरहम किंवा त्याहून जास्त देणे असेल तर देणेकऱ्याला देश सोडण्यास मनाई करण्याची मागणीही करता येते. अशी मनाई झाल्याचे कित्येकांना विमानतळावरच कळते. भागीदाराच्या भरवशावर कोऱ्या चेकवर सही करून ठेवणे आपल्याकडे चालून जाते, तेथे तो आपल्या गळ्यातला फास ठरतो. दुसऱ्यासाठी जामीन राहतानाही हेच लक्षात ठेवावे.

रोकडीची मर्यादा पाठ करून ठेवा: ६०,००० दिरहम. त्याहून जास्त किमतीची रोकड, सोने किंवा दागिने घेऊन अमिरातीत शिरताना किंवा तेथून निघताना कस्टमला सांगावे लागते. जास्त नेणे हा गुन्हा नाही, न सांगणे हा गुन्हा आहे. परत येताना सोन्याचा नियम आपल्या कस्टमचा लागतो, तो वेळोवेळी बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम पाहावा. आणि दुसऱ्याचे सोने हातात किंवा गळ्यात घालून आणण्याचा धंदा कोणी सुचवला तर लूमवाल्याची पुडी आठवावी.

रस्ता आणि मेट्रो

आपल्याकडे रस्ता कोठूनही ओलांडतात. दुबईत ठरलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडला तर ४०० दिरहम दंड होत आला आहे. २९ मार्च २०२५ पासून नवा वाहतूक कायदा लागू झाला. त्यानुसार जेथे वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर किंवा जास्त आहे असा रस्ता भलत्या जागी ओलांडून कोणी अपघाताला कारण झाला, तर किमान तीन महिने कैद व किमान १०,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक शिक्षा होऊ शकते. समोरच मशीद दिसत असली आणि जमात उभी राहिली असली, तरी पुलापर्यंत चालत जावे.

मेट्रोत खाणे-पिणे मना आहे, १०० दिरहम दंड होतो. स्त्रियांच्या डब्यात पुरुष शिरला तरी दंड आहे. जमिनीवर गुलाबी पट्टी आखलेली असते, तिच्याकडे लक्ष ठेवावे. पानाच्या शौकिनांनी तर जास्तच जपावे. रस्त्यावर थुंकल्यास दंड होतो, आणि पानाच्या विक्रीवरही दुबईत बंदी आहे. दुबईत बसलेल्या पार्टीकडे पानाचा विडा भेट म्हणून नेणाऱ्या आमच्या एका दोस्ताला आम्ही निघता निघता थांबवले होते.

कारागिरांसाठी चार शब्द

जरीकाम करणारे, शिंपी, भरतकाम करणारे यांना "आधी व्हिजिट व्हिसावर या, मग कामाचा करून देऊ" असे सांगणारे एजंट भेटतात. व्हिजिट व्हिसावर एक दिवसही काम करणे बेकायदा आहे. २०२४ साली कामगार कायद्यात बदल होऊन परवान्याशिवाय कामगार ठेवणाऱ्या मालकाला १,००,००० ते १०,००,००० दिरहम दंड ठेवला गेला. एवढा दंड डोक्यावर असलेला मालक तपासणीच्या वेळी कारागिराला ओळखही दाखवत नाही. आणि असे काम केलेल्याची मजुरी बुडाली तर तक्रार करायला तो कोणत्या तोंडाने जाणार? व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास रोज ५० दिरहम दंड चढतो. महिन्याचे १,५०० झाले. कारागिराची बचत त्यातच जाते.

तेथील कायदा कारागिराच्या बाजूचाही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराकडून घेता येत नाही. पासपोर्ट काढून घेऊन स्वतःजवळ ठेवण्याचा मालकाला अधिकार नाही. जे दहावी पास नाहीत त्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा उल्लेख असतो. अशांनी नोकरीसाठी अमिरातीत जाण्यापूर्वी भारत सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी घेणे आवश्यक आहे. ती मंजुरी टाळून नेणारा एजंट आपला वेळ वाचवत नाही, स्वतःची मान वाचवतो. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही हे त्याच ठिकाणी पाहता येते.

अडचण आलीच तर

पोलिसांशी आवाज चढवू नये, हातवारे करू नयेत, आणि पैसे देऊन मिटवण्याचा विषय तर जिभेवरही आणू नये. लाच देऊ करणे हाच मोठा गुन्हा होऊन बसतो. कोर्टाचे व पोलिसांचे कामकाज अरबीत चालते. दुभाष्या मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. न समजलेल्या कागदावर सही करू नये. उर्दू शाळेत शिकलेल्यांना आमचे हे खास सांगणे आहे. अक्षर लावता येते म्हणून मान हलवू नका. 'रकम' वाचून रक्कम समजणारे आम्ही एकटेच नाही, आणि जबाबाच्या कागदावर ती चूक परवडणार नाही. त्यानंतर भारतीय वकिलातीला कळवायला सांगावे. वकिलात अबुधाबीत असून दुबईत भारताचे वाणिज्य दूतावास आहे, आणि अडचणीतल्या भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्रही चालते. त्यांचे फोन निघण्यापूर्वी कागदावर उतरवून ठेवावेत. मोबाईल ताब्यात घेतला गेला की त्यातले नंबर उपयोगाचे राहत नाहीत. पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात.

हे सारे वाचून कोणी घाबरून जावे म्हणून आम्ही लिहिलेले नाही. दुबईने आपल्या हजारो घरांना रोजी दिली आहे, आणि नियम पाळणाऱ्याला तेथे जो निर्धास्तपणा मिळतो तो फार थोड्या शहरांत मिळतो. आम्ही इतक्या खेपा केल्या, पण पोलिसाने कधी कारणाशिवाय अडवले नाही. माल नेण्यापूर्वी आपण बाजार पाहतो, पार्टीची पत पाहतो, भाव काढतो. कायदा पाहायला त्याहून कमी वेळ लागतो.

त्या केरळी कारकुनाने शिकवलेला दुसरा शब्द आम्ही विसरलो नाही. परक्या मुलखात आपण अरबी अर्थाने 'गरीब', म्हणजे परके असतो. एवढे ध्यानात ठेवून वागलो, तर इन्शाअल्लाह उर्दू अर्थाने गरीब होऊन परतण्याची वेळ येणार नाही.